दाराआडचे हात

पंचाण्णव सालच्या आषाढात किलवणीत पाणी होतं, चिखल होता, रोपं वीतभर वर आली होती. वाकायला बायाच नव्हत्या. सिल्वासाच्या रस्त्याला नव्या कंपन्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांना पॅकिंगला बाया हव्या होत्या. पंख्याखाली बसायचं, डबे भरायचे, पायाला चिखल नाही की कमरेला कळ नाही. ज्यांना जमलं त्या गेल्या. उरल्या त्या सावडीतल्या. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून हिचं खाचर लावायचं, उद्या तिचं. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. ज्याचं खाचर त्यानं दुपारी पोटभर जेवू घालायचं. पाळी एकदा ठरली की ठरली, मग पाटलाची असो की पोरक्याची.

दुर्गा या सावडीची म्होरकी होती. तिला कुणी नेमलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका सकाळी ओळ वाकडी गेली तेव्हा ती ओरडली, ओळ सरळ झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून बाया तिच्या दोन्ही अंगांना उभ्या राहून ती वाकायची वाट बघू लागल्या. गंमत अशी की दुर्गा मुळात भातातली नव्हेच. तिचं माहेर साक्रीकडचं, बाजरी-कपाशीचं. भात तिच्याकडे सणालाच शिजायचा. लग्नानंतर नवऱ्यामागं ती इकडे आली. भगवंत दोऱ्याच्या कारखान्यात लागला आणि दोघांनी गावातल्या एकाची दोन खाचरं अर्ध्या वाट्यानं करायला घेतली. पहिल्या वर्षी तिनं रोप पार मनगटापर्यंत चिखलात खुपसलं, तेव्हा शेजारच्या खाचरातली बायडाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

"रोप लावतेस का मढं पुरतेस गं?"

बायडाबाई इथलीच, तिची आजीही याच मातीत आवणी करून गेलेली. तिनं दुर्गाचा हात धरला आणि बोटं नीट केली. "दोन पेरं टेकव नि सोड. जगायचं काम त्याचं आहे, तू कशाला घाबरतेस?"

बायडाबाईकडून दुर्गा आणखीही काही शिकली. खानदेशातून आलेल्या घरांत रीत होती की जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, धाकटीनं डोक्यावर पदर घेतल्याशिवाय जायचं नाही, ओट्यावर बसायचं नाही, थेट बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर पोराबाळांना सांगायचं, नाहीतर भिंतीला. दुर्गाचे जेठ म्हणजे सुकदेवनाना. घरात ती त्यांच्याशी भिंतीमार्फतच बोलायची. पण खाचरात पदर कमरेला खोचलेला, लुगडं गुडघ्यावर, डोक्यावर प्लॅस्टिकच्या गोणीची खोळ, आणि नाना समोरून बैलांमागं चिखल सपाट करणारी फळी मारत यायचे. तिथं भिंत कुठून आणायची? बायडाबाईकडच्या बाया तर कुणाही बाप्याला नावानं हाक मारायच्या. हळूहळू दुर्गाही बोलायला लागली. "नाना, वरच्या अंगाला फिरवा, तिथं खळगा राहिला." नाना निमूट फिरवायचे. संध्याकाळी घरी आलं की पुन्हा पदर, पुन्हा भिंत. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

सुकदेवनाना आधी आले, म्हणून बाकीचे खानदेशी आले. भावाला त्यांनीच आणलं, कारखान्यात त्यांनीच चिकटवलं. पक्षाची शाखाही त्यांच्याच ओट्यावर. कारखान्यातली पाळी सुटली की बाप्ये तिथं जमायचे, तंबाखू मळत कार्यकारिणी भरायची. बायाही सभासद होत्या. सिल्वासाला सभा असली की ट्रक भरायला त्यांची आठवण व्हायची. पाहुणा आला की ओवाळायला, दोनशे माणसांचा भात रांधायला महिला आघाडी होती. दुर्गा तिची प्रमुख.

त्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी भगवंत कारखान्यातून आला तो केसांवर, भुवयांवर दोऱ्याची पांढरी लव घेऊन. दुर्गा चुलीपाशी पाय पसरून बसली होती. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या होत्या; ती करंजाचं तेल कोमट करून एकेका फटीत सोडत होती आणि प्रत्येक थेंबाला दात आवळत होती.

"पंचायतीतला आपला वॉर्ड बायांचा झाला," भगवंतानं डबा ठेवता ठेवता सांगितलं. "पाऊस सरला की निवडणूक. ती जागा आता बाईचीच."

"ते तर अख्ख्या कॉलेजला माहीत आहे, पप्पा," कोपऱ्यातून सरिता म्हणाली. ती बारावीला होती आणि सिल्वासाच्या बसमध्ये तिची भाषा रोज थोडी थोडी बदलत होती. "मम्मी, तूच ऊभी राह ने! काय टेन्शन आहे त्याच्यात?"

"तुझ्या मम्मीला टेन्शन नसेल," भगवंत हसला. "पण नाना वहिनींचं नाव देऊ राहिले. बोलले तसं. थोरलीला सोडून दुसऱ्या कुणाला दिलं तर लोक काय म्हणतील, असं."

दुर्गानं तेलाची वाटी खाली ठेवली. भगवंतानं तिच्याकडे बघितलं. वीस वर्षांच्या संसारात त्याला एक कळलं होतं, की ही गप्प बसली की विचारून घ्यावं.

"तुला पाहिजे का?"

"पाहिजे."

"कशाला व?"

"मोरीला."

यावर त्याला काही विचारायची गरज नव्हती. कंपन्यांकडे जाणारा रस्ता दोन वर्षांपूर्वी मुरूम टाकून उंच केला, तेव्हा खालून पाणी जायला मोरी ठेवायची कुणाला सुचलीच नाही. तेव्हापासून खालच्या अंगाच्या खाचरांत पाणी तुंबायचं. लावलेलं रोप आठ दिवसांत पिवळं पडायचं, मग कुजायचं. त्यात त्यांचं एक होतं, बायडाबाईची दोन होती. नानांची खाचरं वरच्या अंगाला, तिथं पाणी तुंबत नव्हतं.

"आघाडीच्या बाया तीनदा सांगून आल्या," दुर्गा म्हणाली. "दर वेळी एकच. विषय कार्यकारिणीत घेऊ. कार्यकारिणीत आम्ही आहोत का?"

"तू प्रमुख आहेस ना आघाडीची."

"प्रमुख झाले ते तरी मला कुणी विचारलं? तुम्हीच येऊन सांगितलं, मी भाकरी थापत होते तेव्हा."

सरिता खुदकन हसली. भगवंतानं डोक्यावरची लव झटकली. "बरं. पण नानांना सांगायचं कोणी?"

"तुम्ही."

"मी? मी त्यांच्यापुढं आजवर दुसरी भाकरी मागितली नाही."

"मग रविवारी मागा," दुर्गा म्हणाली आणि पाय आखडून उठली.

रविवारी सभा होती. नाव ठरवायला सिल्वासाच्या ऑफिसातून भास्करभाई येणार होते. ते स्कूटरवरून आले, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून. पिशवी काढली, कंगवा फिरवला, नि ओट्यावर मांडलेल्या एकुलत्या खुर्चीवर बसले. नाना खांबाला टेकून. बाकीचे बाप्ये भिंतीशी, पायरीवर, जिथं जागा मिळेल तिथं. बाया आत माजघरात. दार अर्धं लोटलेलं. आत चुलीचा धूर, ओल्या लुगड्यांचा वास आणि एकमेकींचे गुडघे.

"नियम सिम्पल आहे," भास्करभाई म्हणाले. "शाखेतले मेंबर हात वर करणार, मी मोजणार. जेना जास्ती, तेचं नाव उपर."

"नाव तसं एकच आहे," नाना म्हणाले. "मंजुळाबाई सुकदेव."

आत दुर्गाच्या शेजारी बसलेल्या मंजुळाबाईंनी कपाळाला हात लावला. "यांना कोणी सांगितलं व?" त्या दुर्गाच्या कानाशी पुटपुटल्या.

बाहेर थोडी चुळबूळ झाली. मग भगवंताचं खाकरणं ऐकू आलं. एकदा, दोनदा. "नाना, दुसरं पण आहे. दुर्गाचं."

नाना खांबापासून सरळ झाले.

"घरातली गोष्ट घरात बोलायची होती, भगवंत."

"घरातच तर बसलोय ना, नाना."

कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानं भगवंताला खाली बसायला वाट मिळाली. भास्करभाईंनी मंजुळाबाईंसाठी हात मोजले. ओट्यावरचे बहुतेक वर होते. मग दुर्गासाठी विचारलं. भगवंताचा हात वर गेला, पायरीवरच्या आणखी दोघांचे. आणि आतल्या अंधारात एकदम बांगड्या वाजल्या. एका खोलीत जेवढ्या बाया मावतात तेवढ्या सगळ्यांच्या.

भास्करभाईंनी मान वळवली. "आत कोण छे?"

"बाया."

"तर बाहेर येऊ द्या ने. आवो, बेन!"

कुणी हललं नाही. दुर्गा दाराच्या सगळ्यात जवळ होती. उंबऱ्यापलीकडे हातभर अंतरावर नानांची पाठ होती, पलीकडे गावातले दोन म्हातारे. उठायचं, एक पाऊल टाकायचं, एवढंच होतं. मांडीएवढ्या चिखलातून दिवसभर उपसला जाणारा तिचा पाय त्या कोरड्या शेणानं सारवलेल्या जमिनीवरून उचललाच जाईना. तिनं पदर पुढं ओढला तो आपोआपच ओढला गेला. मागच्या बाया ती कधी उठते ते बघत होत्या. ती उठली नाही, म्हणून त्याही उठल्या नाहीत.

"मला दिसेल तो हात," भास्करभाई म्हणाले. "बांगड्यांचा आवाज मी लिहू शकत नाही. आणि बीजी वात, दुसरी गोष्ट, बाईच्या जागेला सभेत अर्ध्या बाया हाजर पाहिजेत. नवीन नियम आहे. दाराआडच्यांना मी हाजर नाही धरत." त्यांनी घड्याळ बघितलं. "एक चान्स देतो. पुढच्या रविवारी दुपारी. सोमवारी नावं वर जाणार, म्हणजे तेच्या पुढं नाही."

"हो हो, पुढच्या रविवारी," नाना लगेच म्हणाले. "बायांना ओट्यावर चटई टाकून बसवतो की. त्यात काय."

आत बायांनी एकमेकींकडे बघितलं. पुढचा रविवार सावडीत नानांच्याच खाचराचा होता. रविवारी कारखाने बंद, फळीला बाप्ये मिळतात, म्हणून नानांनी स्वतःच तो मागून घेतला होता. आणि आता स्वतःच विसरले होते. दुर्गानं भगवंताला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात दंडाला चिमटा बसला.

"गप."

"अक्का, रविवारी तर तुमची..."

"माझंच खाचर आहे, मला माहीत नाही का? गप बस म्हणते ना." मंजुळाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

सभा उठल्यावर दुर्गा परसात कपबशा विसळत होती. तिला नानांचा राग नव्हता, भास्करभाईंचाही नव्हता. राग होता तो स्वतःच्या पायाचा. राखेनं कप घासता घासता तिनं एकाचा कान मोडला.

नानांच्या लक्षात आलं ते बुधवारी. त्या दिवशी सावड रस्त्याच्या कडेच्या एका खाचरात होती. नाना छत्री घेऊन बांधावर आले, धोतराचा सोगा एका हातात धरून.

"रविवारची माझी पाळी शनिवारी घ्या," ते म्हणाले.

दुर्गा वाकलेलीच होती. हातातली मूठ संपवून ती सरळ झाली, मुठीनं कमर दाबली. "शनिवार बायडाबाईचा आहे, नाना."

"मग बायडाबाईनं रविवार घ्यावा."

"मी कशाला घेऊ?" बायडाबाई ओळीतूनच म्हणाली, वाकणं न सोडता. "माझं हे तिसरं खाचर चढावरचं. पाणी आज आहे, उद्या नाही. तुझ्या सभेला थांबेल का ते?"

"मग सोमवारी."

"सोमवारी फळीला कोण?" दुर्गानं विचारलं. "बाप्ये सगळे कामावर. आणि तुमचं रोप फार वाढलंय, नाना. आणखी थांबवलं तर फुटवे धरणार नाही. तुम्हालाच दिसतंय."

नानांना दिसत होतं. त्यांनी छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मग असं करा. रविवारी दुपारी अर्धा तास वर या. हात वर करा, परत जा."

ओळीतल्या बाया एकेक करून सरळ झाल्या. मांड्यांपर्यंत चिखल, कोपरांपर्यंत चिखल, कुणाच्या गालावर, कुणाच्या कानामागं.

"अशा येऊ तुमच्या ओट्यावर?" दुर्गा म्हणाली. "आंघोळ, दुसरं लुगडं, केस. अर्ध्या तासात नुसती एक बादली भरते, नाना."

"त्यापेक्षा साहेबालाच खाली आण की," बायडाबाई म्हणाली. "त्याला पाय नाहीत?"

हशा पिकला. नाना हसले नाहीत. "पक्षाची सभा चिखलात घेऊ?"

"भात चिखलात लावलेला चालतो ना, मग सभेला काय होतंय?" बायडाबाईनं विचारलं.

"बघतो," नाना म्हणाले. ते तरातरा गेले, पण सोगा सुटून बांधावरच्या घाणीत भिजलेला त्यांना कळला नाही.

घरी भगवंत म्हणाला, "नानांना वाटतंय, पाऊस असला तर भास्करभाई येणार नाही. मग जुनेच हात धरले जातील."

"आणि आला तर?"

"आला तर ओट्यावर कोणीच नसेल."

शनिवारी रात्रभर दुर्गानं सभेत काय म्हणायचं ते मनात घोळवलं. घोळवता घोळवता ते लांब होत गेलं आणि पहाटे उठली तेव्हा त्यातलं काहीच राहिलं नव्हतं.

रविवारी उघडीप होती. ढग खाली आले होते पण पडत नव्हते, आणि चिखल कोमट लागत होता. सकाळी दाढीतून, म्हणजे रोपांच्या वाफ्यातून, रोपं उपटून मुठी बांधून झाल्या होत्या. बाप्यांनी त्या डोक्यावरून आणून खाचरभर अंतराअंतरानं फेकल्या होत्या. भगवंत आणि दोघे-तिघे बांध लिंपत होते, बाकीचे मुठी वाहत होते. नाना फळीवर उभे, दोन्ही हातांत कासरा. जोडीतला एक बैल नवा होता, गोमाशी बसली की अंग थरथरवून पुढं झेपायचा. पुढचा भाग सपाट झाला की दुर्गा ओळ धरायची आणि बाया पाठमोऱ्या सरकत हिरवं मांडत यायच्या. पाण्यात बोटं बुडायची, टेकायची, सुटायची. 'चुबुक, चुबुक' एवढाच आवाज.

मंजुळाबाई भाकरीची पाटी घेऊन बांधावर पोचल्या तेव्हा त्यांच्यामागून भास्करभाई आले. पायातला एक बूट हातात होता, दुसरा कुठंतरी वाटेत रुतला होता.

"अरे सुकदेवभाई! ओट्यावर चटई आहे, चटईवर कोंबडी आहे. सभा कुठं आहे?"

नानांनी फळी थांबवली. भास्करभाईंनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, बांधावर नीट उभे राहिले आणि खाचरभर नजर फिरवली. बाप्ये, बाया, वाकलेल्या, उभ्या.

"आ तो सगळी शाखा इथंच आहे," ते हळूहळू म्हणाले. "आणि बाया अर्ध्याच्या वर. सगळ्या दिसतात पण." त्यांनी कागद काढला. "बराबर. इथंच घेऊ. या बेन, सगळ्या बांधावर या."

बाया सरळ होऊ लागल्या. एकीनं पाय उपसलाही.

"ओळ मोडू नका," दुर्गा म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती. पण उपसलेला पाय परत चिखलात गेला.

"भास्करभाई, मुठी उपटून पडल्यात. एकदा बाहेर पडलं की पाय धुणं, पाणी पिणं, बसणं आलं. आम्ही आहोत तिथूनच हात करतो. तिथून दिसतात ना?"

"दिसतात."

"मग मोजा. आणि माझं नाव मीच सांगते." तिला वाटलं होतं आवाज कापेल. आला तो ओळीला हाक मारतानाचाच. "दुर्गा भगवंत. मला उभं राहायचंय. या रस्त्याखाली मोरी नाही, खालची खाचरं दोन वर्षं कुजताहेत. शाखेला तीनदा सांगितलं. आता पंचायतीत जाऊन मागते. मिळाली तर बरं, नाही मिळाली तर परत मागेन. एवढंच."

नाना फळीवर उभे होते. ते बैलांकडे बघत होते.

"पहिलं नाव मंजुळाबाई," भास्करभाई म्हणाले. "हात."

मुठी वाहणाऱ्यांतले काही हात वर झाले. गेल्या रविवारी हात वर केलेल्यांतल्या एकानं ओळीत उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे बघितलं आणि कानामागं खाजवलं.

"मंजुळाबेन, तुमचा स्वतःचा हात?"

"माझा नाही," मंजुळाबाई म्हणाल्या. पाटी अजून डोक्यावरच होती. "दिवाळीत लेकीचं बाळंतपण आहे साक्रीला. मी पंचायतीत बसू, का तिची शेकशेगडी करू? मला विचारलं कोणी?"

"घरी बोललो होतो ना," नाना पहिल्यांदाच बोलले.

"तुम्ही बोलले. मी भाकरी वाढत होते."

बायडाबाईला हसू आवरेना. ती वाकून चिखलाला हात टेकून हसली. नानांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते दाबलं.

"दुसरं नाव, दुर्गाबेन."

हात वर गेले. चिखलानं माखलेले, कोपरांवरून पाणी ओघळत असलेले, कुणाच्या मुठीत रोपं तशीच. मंजुळाबाईंनी पाटीवरचा एक हात सोडून वर केला. भगवंतानं फावडं खांद्याला टेकवून केला. बांधावरच्या, कानामागं खाजवणाऱ्यानंही केला. भास्करभाई बोटानं मोजत गेले, मध्ये चुकले, पुन्हा पहिल्यापासून आले. तोवर सगळे हात तसेच होते. दुर्गाचा खांदा दुखू लागला, तरी तिला तो खाली घ्यावासा वाटेना. आपला हात असा उघड्यावर, इतका वेळ, नुसता वर आहे आणि कुणी तो बघतंय, याची तिला गंमत वाटत होती.

"झालं," भास्करभाई म्हणाले. "काही प्रश्नच नाही. पण सुकदेवभाई, तुमचा हात मला एकदा पण नाही दिसला. शाखाप्रमुख तुम्ही. कोरा सोडू?"

"हातात कासरा आहे," नाना म्हणाले. "बैल नवा आहे."

ते खरंच होतं. गोमाशी बैलाच्या वशिंडावर घिरट्या घालत होती. बाप्ये दूर, बांधाशी होते. दुर्गानं हातातली मूठ पाण्यात ठेवली आणि चुबुक चुबुक करत फळीपाशी गेली.

"द्या," ती म्हणाली.

नानांनी तिच्या पुढं केलेल्या हाताकडे बघितलं. तिच्या तोंडाकडे नाही. बैलानं शेपूट आपटलं. मग त्यांनी कासरा तिच्या हातात दिला, हळूच, आधी नव्या बैलाचा, मग जुन्याचा. आणि फळीवरून खाली उतरून, मोकळा झालेला उजवा हात डोक्याच्या वर नेला.

"कोणाला?" भास्करभाईंनी विचारलं.

"आता कोणाला म्हणजे? माझ्या भावजयीला."

"मग एकमतानं लिहू?"

"लिहा," नाना म्हणाले. "आणि थोरलीनं आपण होऊन जागा सोडली, असंही लिहा."

"लिहा, लिहा," मंजुळाबाईंनी बांधावरून आवाज दिला. "खोटं थोडंच आहे?"

भास्करभाई बांधावरच बसून, मांडीवर कागद ठेवून लिहायला लागले. कागदावर दोन बोटांचा चिखल उमटला. नवा बैल एकदम पुढं झेपावला. कासरा ताणला गेला, दुर्गाचा पाय घसरला, पण तिनं टाच रोवली आणि "हो... हो रे" म्हणत त्याला थोपवलं. बैल फुसफुसला आणि उभा राहिला.

नाना फळीला पाय देऊन वर चढले आणि कासऱ्यासाठी हात पुढं केला. समोर एकच तुकडा राहिला होता, चिंचेखालचा, तिरपा, मधेच खोलगट. पाणी तिथं कधी नीट बसायचं नाही.

"हा कुठून धरायचा गं?" त्यांनी विचारलं. भिंतीला नाही, भगवंताला नाही.

"वरच्या कोपऱ्यातून," कासरा देत दुर्गा म्हणाली. "आणि जरा हळू, नाना. खाली दगड आहे."

नाना बैल वळवू लागले. ती ओळीत आपल्या जागी परत गेली, मूठ उचलली आणि वाकली.